विरुद्ध पक्षाचे कंधारकर

सर,

तुमच्या जाण्याने हैदराबादच्या वकिली क्षेत्रात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे वाक्य माझं नाही. शोकसभेत जो उठला त्याने ते म्हटलं. एकाने तेलुगूत म्हटलं, तेव्हा मात्र मला ते खरं वाटलं, कारण माझं तेलुगू कच्चं आहे. प्रत्यक्षात बार रूममधली खिडकीजवळची तुमची खुर्ची दुसऱ्याच दिवशी कोर्ट सुरू व्हायच्या आत भरली. मोटार अपघाताचे दावे चालवणारे एक गृहस्थ आता तिथे बसतात. त्यांना हवा चांगली लागते म्हणे.

सभा तुम्हाला आवडली नसती, पण करमणूक झाली असती. तुमच्या फोटोला हार घालताना दोन माजी पदाधिकाऱ्यांत आधी कोण यावरून जी मूक झटापट झाली, ती तुमच्या चाळीसएक वर्षांच्या वकिलीतल्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा चुरशीची होती. एका ज्येष्ठांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, “कंधारकर साब शेर थे, शेर!” माझ्या शेजारी तुमचे मुन्शी यूसुफभाई उभे होते, डोळे पुसत. ते माझ्या कानात म्हणाले, “शेर? साब तो छिपकली से डरते थे.”

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी दोन वाक्यं बोलून बसलो. त्यामुळे माझं दुःख खोल आहे असा समज पसरला. खरं कारण असं की मला जे सांगायचं होतं ते त्या सभेत सांगण्यासारखं नव्हतं. तुम्ही किती दावे जिंकलात हे तिथे सगळे सांगत होते. मला सांगायचं होतं की हिमायतनगरच्या तुमच्या चेंबरमध्ये दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही आपल्याच अशिलांच्या विरोधात उभे राहायचात, आणि तिथे तुम्हाला कोणी कधी हरवू शकलं नाही.

यूसुफभाईंनी त्याला नाव दिलं होतं, ‘उलटी पेशी’. पेशी म्हणजे कोर्टातली सुनावणी. ही उलटी, कारण तुम्ही तुमची खुर्ची मला द्यायचात आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे, अशिलाच्या खुर्चीत, समोरच्या पक्षकाराचं सोंग घेऊन बसायचात. मी आपली बाजू मांडायची, तुम्ही ती मोडायची. पहिल्या शनिवारी मला वाटलं, ज्युनियरला तयार करायची ही एक पद्धत असेल, थोडं हरवतील, मग पाठ थोपटतील. तुम्ही मला पूर्ण हरवलंत आणि पाठ थोपटायच्या वेळी म्हणालात, “जाधव मियाँ, हौल्यासारखा बोलतोस. स्वतःची बाजू तर अशिलालाही माहीत असते. मग तुला फी कशाची?”

परभणीकडून आलेल्या शेतकऱ्याचा मी नातू. तुमच्याकडे तीन पिढ्यांची वकिली आणि त्याहून जुनी जीभ. ‘हौला’ म्हणजे खुळा हे मला तेव्हाच कळलं; ‘मियाँ’ ही पदवी आहे की शिवी, हे दोन वर्षांनी. दोन्ही होती.

तर कमलताईंची खानावळ.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांना सांगतो. दिलसुखनगरमध्ये एका गल्लीत, शेजारी क्लास, मागे क्लास, समोर क्लास अशा परिस्थितीत देगलूरकडच्या कमलताई तळमजल्यावर खानावळ चालवतात. नवरा गेल्यापासून एकट्या. नांदेड, लातूर, बिदरहून परीक्षेची तयारी करायला आलेली पोरं तिथे ज्वारीची भाकरी खातात आणि घरी फोन करून सांगतात की इथं सगळं बरं आहे. मालकाने त्यांच्यावर दावा लावला: जागा रिकामी करा, माझ्या मुलाला दातांचा दवाखाना काढायचा आहे. मालक वरच्याच मजल्यावर राहतो. मुलगा खरोखर दातांचा डॉक्टर आहे. म्हणजे खलनायक नावाची सोय या खटल्यात नव्हती. जागा गेली तर ताईंना त्या गल्लीत दुसरी परवडणार नव्हती, आणि गल्लीबाहेर त्यांचं गिऱ्हाईक नव्हतं. सरळ हिशेब होता. खानावळ राहील, नाहीतर ताई देगलूरला परत जातील आणि भावाच्या घरात एका कोपऱ्यात राहतील.

हा मालक तुम्ही फार सुंदर करायचात.

एक हात गुडघ्यावर, मान किंचित वाकडी, आवाजात जिना चढून आल्याची धाप. मी तुमच्या खुर्चीत बसून म्हणायचो, “तुमचा मुलगा दवाखाना कुठेही काढू शकतो.”

“काढू शकतो की. शमशाबादला काढू शकतो. विमानतळावर बसून विमानातल्या लोकांचे दात बघेल.” मग आवाज एकदम खाली. “वकीलसाहेब, तुम्हाला मुलगा आहे?”

“नाही.”

“म्हणून. मी हे घर विटेवर वीट ठेवून बांधलं. माझ्या बायकोचे गुडघे गेले, तिला वाटतं पोरगा डोळ्यांसमोर असावा. माझ्या घराखाली माझीच जागा, आणि माझ्याच पोराला मी सांगू की बाबा, तिथं दुसऱ्याच्या भाकऱ्या भाजतात, तू भाड्याने जागा शोध?”

दाराशी उभे यूसुफभाई मान डोलवायचे. मी कागद चाळून शेवटचा बाण काढायचो. “कोपऱ्यावर तुमचं एक शटर आहे. बंदच असतं. तिथे दवाखाना का नाही?”

“ते गोडाऊन आहे. छोटं आहे. यूसुफभाई, चाय बोलो!”

चहा यायचा. चहाबरोबर तुम्ही पुन्हा कंधारकर व्हायचात आणि माझी शकलं गोळा करायला लागायचात.

साक्षीच्या दिवशी तुम्ही खऱ्या मालकाला पिंजऱ्यात उभं करून त्या शटरबद्दल एवढंच विचारलंत, “आधी तिथे काय होतं?” तो छाती काढून म्हणाला, “माझ्या मेहुण्याचं मेडिकल. गल्लीतलं पहिलं.” तुम्ही “थँक यू” म्हणून खाली बसलात. मला वाटलं, पुढचा प्रश्न विसरलात. वय झालंय.

मग तो शनिवार. दार लावायला आपल्यापैकी एक जण विसरला होता हे नक्की. कोण, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. कमलताई तारीख विचारायला आल्या होत्या आणि बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. तुम्ही त्या दिवशी विशेष रंगात होता. गुडघ्यांवरून तुम्ही मालकाच्या आईच्या शेवटच्या इच्छेपर्यंत पोहोचला होता, जी दाव्यात कुठेही नव्हती. मी विरोध केला तर म्हणालात, “मालकाच्या मनात असेल. मनाला स्टँप लागत नाही.”

दारात ताई उभ्या. डोळ्यांत पाणी.

“वकीलसाहेब,” त्या तुम्हाला म्हणाल्या, “तुमचं खरं हाय. मी काय इतका इचारच केला न्हाई. म्हातारीचे गुडघे गेलेत, लेकराला जवळ ठेवावं वाटतं. मी जागा सोडते.”

आणि नमस्कार करून निघाल्या. खाली उतरताना यूसुफभाईंना म्हणाल्या, पातेली न्यायला टेम्पो कुठं मिळेल.

हैदराबादच्या वकिलीच्या इतिहासात स्वतःच्या अशिलाला स्वतःच्याच चेंबरमध्ये हरवणारे तुम्ही पहिले असाल. मी तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. घाबरला होतात. आणि खरं सांगायचं तर, थोडे खूषही होतात.

“सर, त्यांना थांबवा!”

“मी कसा थांबवू? मी मालक आहे,” तुम्ही म्हणालात. “तू तिचा वकील आहेस. जा. धाव.”

मी धावलो. हिमायतनगरच्या फुटपाथवर, एका चपलांच्या दुकानासमोर, मी माझ्या आयुष्यातला पहिला खरा युक्तिवाद केला. समोर न्यायाधीश नव्हते, खांद्यावर कोट नव्हता. मी म्हणालो, “ताई, त्यांचा मुलगा आहे, तशी तुमची पोरं आहेत.”

“मला लेकरंच न्हाईत.”

“रोज दोन्ही वेळा जेवायला येतात ती कोण?”

त्या थांबल्या. दुकानदार, “अम्मा, अंदर आके बैठो,” म्हणून स्टूल घेऊन आला; त्याला वाटलं मी आईला समजावतोय. मी म्हणालो, मालकाची अडचण खरी आहे, पण त्याच्या अडचणीला दोन रस्ते आहेत. तुमच्या अडचणीला एकच आहे. ज्याच्याकडे दोन रस्ते आहेत त्याने थोडं फिरून जावं, एवढंच आपण कोर्टाला म्हणतोय. कोणाला वाईट ठरवत नाही.

ताईंनी पदराने डोळे पुसले. “मग हे तुमचे साहेब तिकडून कशाला बोलत होते?”

“सराव करत होते.”

“सराव? माझं काळीज फाटलं की!”

त्या वर आल्या. तुम्ही उठून उभे राहिलात, हात जोडलेत, आणि त्यांना चहा पाजलात. नंतर मला म्हणालात, “हे जे खाली बोललास, ते कोर्टात बोल. पण घाम पुसून.”

त्या संध्याकाळी आपला जुना वाद पुन्हा निघाला. मी म्हटलं, जो माणूस दोन्ही बाजूंनी इतकं छान बोलू शकतो, त्याचा कशावरच विश्वास नसतो. तुम्ही म्हणालात, ज्याला एकच बाजू बोलता येते, त्याचा विश्वास नसतो, फक्त सवय असते. मी विचारलं, “मग सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? जागा कोणाची?” तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “मला काय वाटतं त्याला अजून तारीख मिळालेली नाही. पुढच्या शनिवारी बघू. परवा युक्तिवादाची तारीख कळेल, त्या तारखेच्या आधी तुला शेवटचं हरवतो.”

पुढचा शनिवार आला. तुम्ही त्याआधीच, बुधवारी पहाटे, झोपेत, कोणालाही त्रास न देता गेला होतात. तुमच्या मुलीने फोनवर सांगितलं, “बाबा शांतपणे गेले.” मला पहिला विचार आला तो हा, की कंधारकर शांतपणे गेले यावर समोरची बाजू विश्वास ठेवणार नाही. दुसरा विचार काय आला ते मी लिहीत नाही. तुम्ही भावनेच्या मुद्द्यावर मला नेहमी म्हणायचात: पुरावा दे, नाहीतर पुढे चल.

पुढे चाललो. यूसुफभाईंनी चेंबर उघडलं. तुमच्या मुलीने सांगितलं होतं की हातातली कामं पूर्ण करा, मग बघू. युक्तिवादाची तारीख जवळ होती आणि ती मी पुढे ढकलून घेऊ शकलो असतो; ज्येष्ठांचं निधन हे कारण कोर्टात चालतं. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “साहेब गेले म्हणून तुमी बी बसणार का? मालकानं रंगाऱ्याला आणून माप घेतलं कालच.”

म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा तुमच्या खुर्चीत बसलो. समोर कोणी नाही. एकट्याने युक्तिवाद करून बघितला. फार उत्तम झाला. कोणी विरोधच करत नव्हतं. मग मला तुमचं वाक्य आठवलं, तुला फी कशाची. मी उठलो, टेबलाला वळसा घातला आणि अशिलाच्या खुर्चीत बसलो. हात गुडघ्यावर ठेवला. मालक झालो.

सर, त्या खुर्चीतून जग वेगळं दिसतं. विटेवर वीट ठेवली. बायकोचे गुडघे दुखायला लागले. पोरगा शिकला. मी बोलत गेलो आणि मला माझाच पुळका येत गेला. मग रिकाम्या खुर्चीतल्या जाधवने विचारलं, कोपऱ्यावरचं शटर का नाही? मी म्हणालो, ते गोडाऊन आहे, छोटं आहे. जाधव म्हणाला, पण आधी तिथे मेडिकल होतं ना? मी मान वळवून ओरडलो, “यूसुफभाई, चाय बोलो!”

दारातून आवाज आला, “साब, आप भी?”

इतक्या शनिवारी तुम्ही नेमक्या त्याच जागी चहा मागवला होता. मला वाटायचं तुम्हाला तलफ येते. तुम्ही भिंत जिथे पोकळ होती तिथे बोट ठेवून दाखवत होता, आणि सांगत नव्हता. सांगितलं असतंत तर मी तो मुद्दा पाठ केला असता. आता तो माझा होता. मी हसलो, आणि नंतर बराच वेळ हसलो नाही. यूसुफभाईंनी दोन कप आणले होते. दुसरा त्यांनीच प्यायला.

कायदा सोपा आहे. मालकाला स्वतःच्या किंवा मुलाच्या धंद्यासाठी जागा हवी असेल तर भाडेकरूला काढता येतं, पण त्याच शहरात त्याची स्वतःची दुसरी धंद्याजोगी जागा रिकामी पडलेली नसली तरच. सगळा खटला त्या शटरवर उभा होता आणि आम्ही सगळे त्याच्यासमोरून गुडघ्यांची चौकशी करत जात होतो.

कोर्टात मी उभा राहिलो आणि आधी मालकाची बाजू मांडली. संपूर्ण. तुमच्या पद्धतीने, जिना चढल्याची धाप सोडून. मालकाचे वकील आधी गोंधळले, मग खूष झाले, मग त्यांनी लिहून घ्यायला सुरुवात केली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.

“तुम्ही कोणाच्या वतीने उभे आहात?”

“भाडेकरूच्या, साहेब.”

“त्यांना माहीत आहे का?”

कोर्टात हशा झाला. मागे कमलताई बसल्या होत्या. त्या या वेळी रडत नव्हत्या. त्यांनी यूसुफभाईंना सांगितलं म्हणे, “काळजी न्हाई, सराव चाललाय.”

मग मी म्हणालो, हे सगळं खरं आहे असं धरून चालू. एकच प्रश्न उरतो. ज्या जागेत गल्लीतलं पहिलं मेडिकल चाललं, ती जागा औषधांना पुरली आणि डॉक्टरला पुरत नाही, हे कसं? आणि खाली बसलो. समोरच्या वकिलांनी कागद चाळले, पाणी प्यायलं, पुन्हा कागद चाळले. शेवटी म्हणाले, ते गोडाऊन आहे, छोटं आहे.

सर, ते वकील नामांकित आहेत, त्यांच्या नावाची पाटी पितळेची आहे. पण तुमच्या मालकापुढे ते काहीच नव्हते. मी दर शनिवारी ज्याच्याकडून हरायचो, त्याच्यासमोर हे मला पहिल्या फेरीतले वाटले. तुम्ही निदान चहा तरी मागवला असतात.

बाहेर व्हरांड्यात मालक माझ्याजवळ आला. मला वाटलं शिव्या देईल. तो हळूच म्हणाला, “वकीलसाब, माझी बाजू इतकी चांगली कोणी मांडली नव्हती. तुम्ही आधी भेटला असता तर.” समोर तुमचाच मालक उभा होता. हुबेहूब. मान तशीच वाकडी, हात गुडघ्यावर जायला निघालेला. मी विचारलं, “आईसाहेब कशा आहेत?” तो म्हणाला, “आई लहानपणीच गेली.” तेवढा एक मुद्दा सोडला तर तुमचं सोंग निर्दोष होतं.

निकाल मागच्या आठवड्यात आला. मालकाचा दावा फेटाळला. निकालात शटरचा उल्लेख आहे, गुडघ्यांचा नाही. यूसुफभाईंनी कोर्टाच्या पायऱ्यांवर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, “कंधारकर साब का केस था, साब जीत गए.” मी दुरुस्ती केली नाही. ती वस्तुस्थिती होती.

आपल्या वादाचं एवढंच सांगतो, की मी अजूनही मानतो, वकिलाचा एका बाजूवर विश्वास हवा. तुम्ही हजर नसल्याने हा मुद्दा एकतर्फी माझ्या बाजूने निकाली निघतो आहे. शनिवारी माझ्याकडून तुम्ही एकदाही हरला नाहीत, तेव्हा हे एवढं मला घेऊ द्या. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मला जिंकायचं नव्हतंच. मला शनिवार हवे होते.

काल दिलसुखनगरला गेलो. खानावळ भरलेली होती. ताईंनी त्या दिवशी सगळ्यांना गव्हाची खीर वाढली होती, आणि पोरं, ज्यांना निकाल-बिकाल काही माहीत नव्हता, ‘आज काय आहे ताई?’ विचारत दुसऱ्यांदा वाटी पुढे करत होती. “माझा रिझल्ट लागला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या आधी.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने टक्के विचारले.

मला वाढताना त्या थांबल्या. “एक सांगा. साहेब तर मालकाकडून बोलायचे. मग ते जिंकले का हरले?”

मी म्हणालो, “ताई, जिंकले. तुमच्याकडून.”

त्यांनी मान हलवली, खिरीत तूप वाढलं, आणि मला म्हणाल्या, आता कायमची काळजी मिटली. मी हो म्हणालो नाही.

मालकाने वरच्या कोर्टात अपील दाखल केलं आहे. त्याची पहिली तारीख आज होती. जजसाहेब रजेवर होते.